बारकं चाक

आमच्या गाडीच्या डिकीत, गालिच्याच्या खाली, एक चाक कित्येक वर्षं निमूटपणे झोपून होतं. त्याच्याकडे मी कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. गाडी मुलाची. त्याने नवी घेतली तेव्हा ही जुनी आमच्या दारात आणून उभी केली. देताना काच खाली कशी करायची, थंड हवा कशी लावायची, रेडिओ कुठे दाबला की गातो, हे सगळं त्याने हौसेने दाखवलं. ते चाक मात्र दाखवलं नाही, आणि मीही विचारलं नाही. काही वस्तूंचं असंच असतं. माळ्यावरचा कंदील, ट्रंकेच्या तळाशी असलेलं घोंगडं, देवघरामागची जादा किल्ली! त्या आहेत एवढ्यावरच आपण निर्धास्त असतो. त्या कशा आहेत, हे पाहायची पाळी वीज गेल्यावर येते.

आपण त्या चाकाला स्टेपनी म्हणतो. ट्रकवाला म्हणतो, रिक्षावाला म्हणतो, प्राध्यापकही म्हणतात. हा शब्द इंग्रजी असला तरी आजचा इंग्रज तो वापरीत नाही, ही मौज मला फार उशिरा कळली. वेल्समधल्या लॅनेली गावात स्टेपनी नावाचा रस्ता आहे. तिथे १९०४ साली डेव्हिस आडनावाच्या दोघा भावांनी एक युक्ती बाजारात आणली. तेव्हाच्या मोटारींना जादा चाक नसे. टायर बसलं की भर रस्त्यात ते उचकटायचं, ट्यूब काढायची, ठिगळ लावायचं आणि पुन्हा सगळं बसवून हवा भरायची! या भावांनी आरे नसलेली एक लोखंडी कडी केली, तिच्यावर हवा भरलेलं टायर चढवलं आणि ती बसलेल्या चाकाला बाजूने अडकवायची सोय केली. आजारी माणसाला शेजाऱ्याने खांदा द्यावा, तशी. रस्त्याचं नाव त्या चाकाला मिळालं आणि चाकाबरोबर ते जगभर गेलं. पुढे प्रत्येक मोटारीबरोबर अख्खं पाचवं चाक मिळू लागलं. मूळची कडी गेली, तिच्या देशातून शब्दही गेला. पण आपल्याकडे तो राहिला, बांगलादेशात राहिला, माल्टात राहिला, ब्राझीलमध्ये ‘एस्तेपे’ होऊन राहिला. म्हणजे मूळची स्टेपनी ही गावापर्यंत पोचवण्यापुरतीच होती. हे मला त्या दिवशी ठाऊक असतं, तर मी त्या चाकावर इतका रागावलो नसतो.

तो दिवस २०१८ सालच्या पावसाळ्यातला. मी पुण्याहून वाईला निघालो होतो, एकटाच. वाईला आमच्या जुन्या घरात माझी थोरली बहीण राहते. आम्ही भावंडं तिला अक्का म्हणतो, आणि आता आळीतले म्हातारेसुद्धा अक्काच म्हणतात. तिच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. तिला पुण्याला आणायचं, शस्त्रक्रिया करवायची आणि तीन आठवड्यांनी परत पोचवायचं, असा बेत होता. शिरवळच्या अलीकडे पाण्याने भरलेला एक खड्डा मला दिसला नाही. धाडकन आवाज झाला, गाडी डावीकडे ओढू लागली, आणि मी ती कशीबशी कडेला घेतली. पुढचं डावं टायर खाली बसलं होतं. त्याच्या कडेला बोटभर चीर गेली होती.

डिकी उघडली, गालिचा दूर सारला, चाक बाहेर काढलं आणि मी बघतच राहिलो. हे चाक म्हणायचं की चाकाची सावली? नेहमीच्या चाकांपेक्षा ते अरुंद होतं, उंचीलाही बोटभर कमी. गाडीखालच्या टायरची रुंदी १९५ मिलिमीटर, याची १२५! रिम काळी, आणि तिच्यावर पिवळी चिठ्ठी. मला वाटलं, पोराला कुणीतरी फसवलं. चांगलं चाक काढून घेतलं आणि कुठलं तरी किडूकमिडूक आत ठेवलं.

पलीकडे चहाच्या टपरीपाशी एक ट्रक उभा होता. त्याचा ड्रायव्हर चहाचा ग्लास हातात धरून माझी ही तारांबळ बघत होता. शेवटी तो आला. माण तालुक्यातला, पन्नाशीचा गडी. बरोबर पंधरासोळा वर्षांचा क्लीनर.

“काका, फसवलेलं न्हाई कुणी,” तो म्हणाला. “हे असंच येतंय आता. जागा वाचती, वजन वाचतंय. हे घरी पोचायचं चाक आहे, फिरायचं न्हाई.”

त्याने चाकावर मूठ आपटली आणि मान हलवली. हवा नव्हती. फर्लांगभर पुढे पंक्चरवाल्याचं खोपटं होतं. क्लीनर पोराने ते चाक कडेकडेने घरंगळत नेलं आणि घरंगळत आणलं. ड्रायव्हरने विचारलं, “किती भरली?” पोरगं म्हणालं, “पस्तीस.” ड्रायव्हरने चाकाच्या कडेवर बोट ठेवलं. तिथे ६० हा आकडा होता. पोरगं पुन्हा गेलं. या खेपेला मीही बरोबर गेलो, आणि बरं झालं. कारण पंक्चरवाला साठ भरायला तयारच होईना. “फुटलं तर माझ्या डोक्यावर?” असं तो म्हणे. त्याचंही चूक नव्हतं. आमच्या बाकीच्या चाकांत तेहतीसच असते. शेवटी मी त्याला ती चिठ्ठी आणि टायरवरची अक्षरं वाचून दाखवली, तेव्हा कुठे त्याने भरली. एवढंसं चाक गाडीचा चौथा हिस्सा पेलतं ते आतल्या या जादा हवेच्या जोरावर, हे मला मागाहून कळलं. अंगाने बारीक, म्हणून आत दुप्पट ताण! त्या वेळी हे वाक्य माझ्या मनात आलं नव्हतं. ते पुढे आलं, आणि का आलं तेही सांगतो.

मग त्या ड्रायव्हरने मला चाक बदलायला शिकवलं. स्वतः बदलून देणं त्याला सोपं होतं, पण तो म्हणाला, “पुढच्या वेळी मी नसंन.” गाडी आधी सपाट, कठीण जागी घ्यायला लावली. हातब्रेक ओढला, गिअरमध्ये टाकली. डिकीतला लाल त्रिकोण दूर, निदान पन्नास मीटर मागे ठेवायला पोराला पिटाळलं. जो कोपरा उचलायचा, त्याच्या तिरप्या समोरच्या चाकाला धोंडा लावला. मी जॅक लावायला वाकलो तशी तो ओरडला, “आधी नट ढिले करा! चाक अधांतरी असलं की पान्याबरोबर तेच गरागरा फिरंल, आन् गाडी जॅकवरनं घसरंल.” चाक जमिनीवर असतानाच प्रत्येक नटाला थोडा उलटा पीळ द्यायचा, मग गाडी उचलायची. गाडी उचलल्यावर जादा चाक दाराखालच्या पट्टीखाली आडवं सारून ठेवायचं. जॅक दगा देऊन निसटला तर गाडी चाकावर पडेल, माणसावर नाही. आणि काही झालं तरी हात-पाय गाडीखाली घालायचा नाही.

पण खरी गोष्ट पुढेच होती. मी ते बारकं चाक पुढे, जिथलं फुटलं तिथेच लावायला निघालो होतो. त्याने माझा हात धरला.

“तुमच्या गाडीला वढ कुठल्या चाकांची? पुढच्याच ना? मग हे मागं लावा, आन् मागचं चांगलं चाक काढून पुढं घ्या.”

“म्हणजे दोनदा जॅक लावायचा?”

“दोनदा लावायचा. दहा मिन्टं जास्ती.”

पाऊस भुरभुरत होता. मला ती दहा मिनिटं फार वाटली; पण त्याने कारण सांगितलं आणि मी गप्प झालो. गाडीला ओढणाऱ्या दोन चाकांच्या मध्ये दातेरी चक्रांची एक डबी असते. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. ती डबी दोघांना आपापल्या वेगाने फिरू देते. सरळ रस्त्यावर तिला विसावा मिळतो. एका बाजूला लहान चाक लावलं, तर त्याला बरोबरीने राहण्यासाठी सारखे जास्त फेरे घ्यावे लागतात, आणि डबीला सरळ रस्ताच उरत नाही. मैलोगणती तिचं आपलं वळणच चालू! ती तापते, झिजते. शिवाय पुढची चाकं गाडी वळवतात, ब्रेकचा बहुतेक भार तीच सोसतात. तिथे अधू गडी उभा करायचा नसतो.

आम्ही दोनदा जॅक लावला. नट आधी हाताने, मग पान्याने. लागोपाठचे नाही तर समोरासमोरचे, म्हणजे चाक सारखं बसतं. शेवटचा पीळ गाडी खाली टेकल्यावर. “पानं पायानं दाबू नका,” त्याने बजावलं, “आन् पन्नास किलोमीटर झालं की नट पुन्हा बघा.” मी खिशात हात घातला तर त्याने दोन्ही हात जोडले, आणि निघताना खिडकीशी वाकून म्हणाला, “मागचं शेपूट हलकं झालंय काका. ब्रेक जपून. आन् हे लगेच काढा.”

पिवळ्या चिठ्ठीवर ताशी ८० किलोमीटर ही मर्यादा होती. घाट होता, पाऊस होता. मी ६० च्या वर गेलो नाही. मागून गाड्या कर्णे वाजवत होत्या, पण मला कसलीच घाई नव्हती. गाडीचा कल बदलल्याचं जाणवत होतं, आणि त्या बदलाने मी जागा राहिलो होतो. एका परीने ते चाक प्रामाणिक होतं. आपण तात्पुरते आहोत हे ते आपल्या रंगावरून, रुंदीवरून, खडखडाटावरून पदोपदी सांगत होतं.

वाईला पोचलो. अक्का पडवीत उभी होती. तिने एका डोळ्यावर हात धरून गाडीकडे पाहिलं आणि विचारलं,

“हे एक चाक असं उपाशी का रे?”

“टायर फाटलं वाटेत. हे तात्पुरतं आहे.”

“तात्पुरतं म्हणजे किती दिवस?”

“उद्याच बदलतो.”

ती किंचित हसली. त्या हसण्याचा अर्थ मी लावला नाही.

उद्या बदललं नाही. वाईच्या पंक्चरवाल्याने फाटलेलं टायर उलटंसुलटं पाहिलं आणि सांगितलं, की तळाला खिळा गेला असता तर ठिगळ लागलं असतं; कडेची चीर दुरुस्त होत नाही, नवंच घ्या. त्या मापाचं त्याच्याकडे नव्हतं. म्हटलं, पुण्यात मिळेलच. अक्काला घेऊन तसाच पुण्याला आलो. अशा चाकावर साधारण ८० किलोमीटरपेक्षा जास्त जाऊ नये, असं ते बनवणारे कित्येकजण सांगतात. माझं तेवढं अंतर वाटेतच संपलं होतं. पुण्यात दुकानदार म्हणाला, “एकच नका घेऊ, जोडी घ्या, एक नवं आणि एक झिजलेलं समोरासमोर चांगलं नाही.” ते बरोबरच होतं. पण जोडीची किंमत ऐकून मी म्हटलं, विचार करतो. मग अक्काच्या तपासण्या निघाल्या, शस्त्रक्रिया झाली, डोळ्यात थेंब घालायचं वेळापत्रक सुरू झालं. मध्ये एक लग्न झालं. गाडी तर चालतच होती!

वाचकांपैकी ज्यांच्या न्हाणीघरात गळक्या नळाला तीन वर्षं सुतळी बांधलेली आहे, त्यांना मी फार सांगायला नको. पहिल्या दिवशी ते चाक मला सारखं डाचत होतं. तिसऱ्या दिवशी अधूनमधून. आठव्या दिवशी ते मला दिसेनासंच झालं. त्या अरुंद चाकाचा आवाज मला गाडीचाच आवाज वाटू लागला. अक्काने एकदोनदा विचारलं, “ते चाक बदललंस का रे?” मी म्हटलं, “चालतंय की!” हे दोन शब्द आपल्या भाषेतले फार घातक शब्द आहेत. जे चालतं त्याच्याकडे कुणी पाहत नाही.

तीन आठवड्यांनी अक्काला घेऊन परत वाईला निघालो. डॉक्टरांनी धक्के टाळायला सांगितले होते. मी हळूच चालवत होतो. खंबाटकीचा घाट चढून उतरणीला लागलो. सर येऊन गेली होती, रस्ता चकाकत होता. एका वळणापलीकडे अचानक एक टेंपो उभा दिसला. मी ब्रेक दाबला. पुढची चाकं थांबू लागली. मागची बाजू मात्र थांबायला तयार नव्हती. ती डावीकडे सरकली. आवाज नाही, झटका नाही. ओल्या फरशीवरून पाट सरकावा, तशी. गाडी रस्त्यात तिरपी झाली आणि कठड्याच्या वीतभर अलीकडे उभी राहिली. खाली दरी होती. मागून एखादी एस. टी. त्या क्षणी आली असती, तर हा लेख लिहायला मी नसतो. आणि अक्का नसती, हे वाक्य लिहायला अजूनही माझा हात रेंगाळतो.

अक्का काही बोलली नाही. तिने एका हाताने डोळ्यावरचा चष्मा धरला होता, दुसऱ्या हाताने माझं मनगट. घाट उतरल्यावर मी एका हॉटेलापाशी गाडी थांबवली. ती खाली उतरली, मागे गेली, आणि त्या चाकाशी वाकून नव्या डोळ्याने तिने ते नीट पाहिलं.

“याच्यावरच्या रेघा गेल्यात रे सगळ्या,” ती म्हणाली.

गेल्याच होत्या. अशा टायरवर नक्षी मुळातच उथळ असते. मी ते सहाशे किलोमीटर पळवलं होतं. पाणी बाजूला सारायला त्याच्यापाशी काही उरलंच नव्हतं.

चहा आला. अक्का बशीत ओतता ओतता सहज म्हणाली,

“बापूंनीसुद्धा एक वर्षच म्हटलं होतं.”

मला समजायला थोडा वेळ लागला.

आमची आई १९६२ साली गेली. मी सात वर्षांचा होतो, अक्का सतरा. ती नुकतीच मॅट्रिक झाली होती, आणि त्या जूनमध्ये साताऱ्याला जाऊन शिक्षिकेचं ट्रेनिंग घेणार होती. तिची पत्र्याची ट्रंकसुद्धा रंगवून झाली होती. मागे आम्ही तिघं भावंडं, धाकटी अजून रांगती. बापूंनी तिला बोलावून सांगितलं, “एवढं वर्ष काढ. पुढच्या जूनला तुला मीच नेऊन सोडतो.” पुढच्या जूनला धाकटीला गोवर निघाला. त्याच्या पुढच्या जूनला मधल्याची परीक्षा होती. त्यानंतर कुणी जून मोजलेच नाहीत. घर चालत होतं. डबे भरले जात होते, सणवार होत होते, बापूंच्या धोतरांना नीळ लागत होती. आमचं चौघांचं बिऱ्हाड त्या सतरा वर्षांच्या पोरीवर चाललं होतं, आणि ती पडवीत बसून शिवणाचं यंत्र चालवत वर दोन पैसेही मिळवत होती. अंगाने बारीक, म्हणून आत दुप्पट ताण. मी शिकलो, शिक्षक झालो. जी नोकरी तिला करायची होती, ती मी तेहतीस वर्षं केली. आणि त्या तेहतीस वर्षांत एकदाही माझ्या मनात आलं नाही, की आमच्या घराचं चाक फुटलं तेव्हा जे जागेवर लावलं, ते परत काढायचं ठरलं होतं.

स्टेपनी हा शब्द माणसाला लावला की आपल्याकडे त्याला हलका वास येतो. तो मी अक्काला लावणार नाही. ती मोठ्या चाकापेक्षा मोठी होती. पण आम्ही तिला वापरलं ते त्या बारक्या चाकासारखं: अडचणीत जागेवर लावलं, थोडे दिवस मनाला डाचलं, आणि सवय झाल्यावर दिसेनासं झालं.

मी विचारलं, “अक्का, तेव्हा बापूंनी तुला दुसऱ्या वर्षी विचारलं असतं, जातेस का, तर गेली असतीस?”

तिने बशी खाली ठेवली.

“नसते गेले. धाकटीला टाकून कुठे जाणार? राहिलेच असते.” मग थोडं थांबून म्हणाली, “विचारायला हवं होतं, एवढंच.”

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तक्रार असती तर मला सोपं गेलं असतं.

त्या हॉटेलपासून वाईपर्यंत मी गाडी ताशी ३० च्या वर नेली नाही. दुसऱ्या दिवशी साताऱ्याहून त्या मापाची जोडी मागवली. संध्याकाळपर्यंत टायरं बसलीसुद्धा. एका दिवसाचं काम होतं! तीन आठवडे मी जे पुढे ढकलत होतो, त्याला एक दिवस आणि थोडे पैसे पुरले. बारक्या चाकाची नक्षी गेली होती, म्हणून तेही टाकून त्याच्या जागी दुसरं आणलं. पंक्चरवाल्याने मला टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचायला शिकवलं: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३०९ म्हणजे २००९ सालचा तेविसावा आठवडा. रबर नुसतं पडून राहिलं तरी म्हातारं होतं. दहा वर्षं झालेलं टायर, डिकीतलं आणि एकदाही न वापरलेलं असलं तरी, बदलावं असं टायर बनवणारेच सांगतात. आमचं नऊ वर्षांचं निघालं.

२०२० सालच्या जुलैत केंद्र सरकारने नियम बदलला. साडेतीन टनांपर्यंतच्या, चालक धरून नऊपेक्षा अधिक माणसांची सोय नसलेल्या गाडीत टायरची हवा कळवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचं साहित्य असेल, तर जादा चाक ठेवलंच पाहिजे असं नाही. मुलाने मला ते साहित्य आणून दाखवलं. एका बाटलीत औषध, शेजारी छोटा पंप. खिळ्याच्या भोकाला ते उत्तम. पण शिरवळला माझ्या टायरच्या कडेला जी चीर गेली होती, तिला ते पुरलं नसतं. म्हणून मी अजून चाकच बाळगतो. बारकंच, त्याच्यावर माझा राग नाही. ते आपलं काम चोख करतं आणि आपली मर्यादा आपल्याच अंगावर लिहून आणतं: एवढा वेग, एवढी हवा, एका वेळी एकच. ते पाळणं तेवढं आपल्याकडे असतं. माणसांच्या अंगावर मात्र अशी पिवळी चिठ्ठी नसते. अडीअडचणीला जी माणसं आपल्या जागी उभी राहतात, ती बहुधा मर्यादा सांगतही नाहीत. म्हणून कुणाला “थोडे दिवस सांभाळ” म्हणताना मी हल्ली लगेच विचारतो, थोडे म्हणजे किती. आणि ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरावर लिहून ठेवतो. घरातले हसतात. हसू द्या.

दसऱ्याला गाडीला हार घालतो, तेव्हा गालिचा उचलून त्या चाकालाही हळदकुंकू लावतो आणि त्यातली हवा मोजून घेतो. साठ भरते. जॅक फिरतो का, पाना जागेवर आहे का, त्रिकोण उघडतो का, हे पाहतो. चाकाचे नट सैल करून पुन्हा आवळतो. गंजून धरले असतील तर ते अंगणात कळलेलं बरं, घाटात नको. सारा मिळून अर्ध्या तासाचा कुळधर्म आहे.

त्या वर्षीच्या भाऊबीजेला वाईला गेलो. पडवीत रांगोळी होती, पाट मांडलेला होता, तबकात निरांजन लावून तयार होतं. मी गाडीतून उतरलो, तर अक्का आधी पायऱ्या उतरून खाली आली. तिने गाडीभोवती सावकाश एक फेरी मारली. चारी चाकं पाहिली. मग म्हणाली,

“हं. आता बस पाटावर.”